माझ्या मायचा आवाज सात महिने बसला होता : खान्देशातल्या डॉक्टरांना आणि क्षयरोग अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे जिल्हा क्षयरोग अधिकारी,
खान्देशातले कान-नाक-घसा तज्ज्ञ,
आणि गावोगावी दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

सादर नमस्कार.

मी भडगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माहेर गिरणेच्या काठी, शाळेपासून चार किलोमीटरवर. बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून माझं बाळ दिवसभर मायजवळ असायचं. हे आधीच सांगते, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते. सगळे भाऊबंद जमतात, रोट होतात आणि रात्रभर बाया गाणी म्हणतात. आमच्या गल्लीत गाणं उचलायचं काम माझ्या मायचं. तिनं पहिली ओळ टाकली की बाकीच्या मागून धरतात. त्या वर्षी सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर निरोप देऊन माय घरी आली, तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. आम्ही काहीच मनावर घेतलं नाही. रात्रभर गायल्यावर घसा बसणारच. तीही खुणेनं हसली आणि कशीबशी म्हणाली, "माले काही नही व्हयेल, गाना म्हनीसन घसा बसना."

तिचा आवाज परत यायला होळी उजाडली, आणि तोही औषध सुरू झाल्यावर. तिला स्वरयंत्राचा क्षय झाला होता. मधल्या सात महिन्यांत काय झालं ते मी तुम्हाला कोणावर राग म्हणून लिहीत नाहीये. ज्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यातल्या कोणीही मुद्दाम हयगय केली असं मला वाटत नाही. पण प्रत्येकाच्या हातून एक साधी गोष्ट राहून गेली, आणि ती सगळ्यांच्या हातून राहिली म्हणून सात महिने गेले. ती गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे.

पहिले पंधरा दिवस घरचेच उपाय. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर. मग गावातल्या दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तालुक्याला गेलो, तिथे दुसरी अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध. मायला मिसरी लावायची सवय, त्यामुळे "मिसरी सोडा" हे प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळालं, आणि ते बरोबरच होतं. दिवाळी आली. माझी माय हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकर खात नसे. तिनं ठेचा सोडला. मग कळण्याची भाकर कढीत कुस्करून खाऊ लागली. गिळताना घशात सुई टोचल्यासारखं होतं आणि कळ थेट कानात जाते, असं ती सांगायची. आम्ही तिला कानाचं दुखणं समजलो. वजन उतरत होतं. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बाई वाळते हे आमच्याकडे कोणाला नवीन वाटत नाही.

मी नंतर सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीतून काढून तारखांप्रमाणे लावल्या. चार दवाखान्यांच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या एकीवरही थुंकीची तपासणी लिहिलेली नव्हती. छातीचा एक्स-रेही नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पोहोचलो तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर मलाही दाखवलं. उजव्या बाजूचा स्वरतंतू जाड, खडबडीत, त्यावर पांढुरकी जखम. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुकडा काढून तपासावा लागेल, मिसरीची सवय आहे, वय बावन्न आहे. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण आम्ही तो ऐकला. घरी आल्यावर माझ्या भावानं सोनं गहाण ठेवायची तयारी केली. मुंबईला कोण कोण आहे याच्या याद्या झाल्या. माय मात्र शांत होती. तिला बोलताच येत नव्हतं.

भूल देऊन, तोंडातून नळी घालून तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला : कॅन्सर नाही. आम्ही पेढे वाटले. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती, ग्रॅन्युलोमा असलेली सूज, क्षयाशी जुळते का ते पाहावे. ती ओळ आम्हाला कोणी वाचून दाखवली नाही, आणि मला वाचता आली तरी कळली नसती. सूज आहे म्हणून मायला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवस आवाज खरोखर सुधारला. तिनं बाळाला नावानं हाक मारली, तेव्हा मला रडू आलं. त्यानंतर जे उलटलं ते आधीपेक्षा वाईट. ताप येऊ लागला, रात्री अंथरूण घामानं ओलं होऊ लागलं, आणि पाणीसुद्धा गिळताना ती डोळे मिटून घ्यायची.

निदान केलं ते आमच्या आशाताईनं. ती बाळाच्या लसीकरणाची आठवण करायला आली होती. माय खाटेवर पडलेली पाहून तिनं विचारलं, "काकूंचा बेडका तपासला का?" मी म्हटलं, तिला खोकला नाही, घसा बसलाय. आशाताई म्हणाली, "घसा पाच-पाच महिने बसत नाही ताई." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबी आणून दिली. मायनं मोठ्या कष्टानं थोडा बेडका काढला. ग्रामीण रुग्णालयातून नमुना सीबीनॅटला गेला. या यंत्रावर तपासणीला साधारण दोन तास लागतात. पाच महिन्यांचं उत्तर दोन तासांत आलं : क्षयाचे जंतू आहेत, रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत. एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग होते. स्वरयंत्राचा क्षय, सोबत फुप्फुसाचाही.

यानंतर मी डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतलं ते तुम्हाला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे. तरी लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी हा आजार पुस्तकात वाचला असेल आणि दवाखान्यात क्वचित पाहिला असेल.

क्षयावर औषध नव्हतं त्या काळात स्वरयंत्राचा क्षय डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा होता. फुप्फुसाचा क्षय बळावलेल्या कितीतरी रुग्णांचा आवाज शेवटी जायचा आणि आवाज जाणं हे शेवट जवळ आल्याचं चिन्ह मानलं जायचं. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं, आणि हा आजार मागे पडत गेला. आता क्षयाच्या शंभर रुग्णांत एकालाही तो असेलच असं नाही. पण २०२३ साली आपल्या देशात २५ लाखांहून जास्त क्षयरुग्णांची नोंद झाली. त्यात अर्धा टक्का धरला तरी साडेबारा हजार माणसं होतात. दुर्मीळ म्हणून विसरायला ही संख्या फार मोठी आहे.

आजाराचं रूपही बदललं आहे. पूर्वी रुग्ण महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला असायचा, जंतूंनी भरलेला कफ स्वरयंत्राच्या मागच्या भागात साचायचा आणि जखमा तिथे व्हायच्या. जुन्या पुस्तकांतलं वर्णन तेच आहे. आता चालत्याफिरत्या माणसाला, जंतू रक्तातून किंवा लसिकेतून पोहोचूनही, हा आजार होतो, आणि बहुतेकदा खुद्द स्वरतंतूवरच दिसतो. कधी नुसती लाली, कधी पांढरी जखम, कधी कोंबासारखी गाठ, कधी फुलकोबीसारखी वाढ. बाई बोलते तेव्हा हे दोन स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांना भिडतात. त्यांच्यावर खडबडीतपणा आला की ते नीट मिटत नाहीत आणि आवाज घोगरा होतो. खोकला कमी असू शकतो, ताप नसू शकतो. आवाज मात्र जवळजवळ सगळ्यांचा जातो.

म्हणूनच मला सर्वांत जास्त सलतं ते हे. आमच्या दारात क्षयाचं सर्वेक्षण झालं होतं. तेही दिवाळीनंतर, म्हणजे मायचा आवाज जाऊन तीन महिने झाल्यावर. विचारलं गेलं : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? ताप आहे का? वजन घटलं का? रात्री घाम येतो का? मायनं खोकल्याला, तापाला नाही म्हणून मान हलवली. घाम तेव्हा नव्हता. वजन कोणी केलं नव्हतं. मान हलवून नाही म्हणणाऱ्या बाईला तोंडानं का बोलता येत नाही, हे त्या कागदावर लिहायला जागा नव्हती.

आणि हे लक्षण काही नवं नाही. खान्देशातल्या गावांत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांपैकी पुष्कळजण आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. त्यांना मी आदरानं आठवण देते की सुश्रुतसंहितेत राजयक्ष्म्याची जी सहा लक्षणं सांगितली आहेत, त्यांत अन्नावरची वासना उडणं, ताप, धाप, खोकला आणि रक्त पडणं यांच्या जोडीला स्वरभेदही आहे. आवाज बदलणं म्हणजे क्षय असू शकतो, हे आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेलं आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, त्याच्या कितीतरी आधी. हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं आहे. ते रुग्ण समोर बसल्यावरही आठवावं, एवढीच विनंती.

आता प्रत्येकाकडे वेगळं मागणं आहे.

गावातल्या आणि तालुक्याच्या डॉक्टरांनो, आवाज बसलेला माणूस आला तर पहिल्या वेळी तुम्ही साधं औषध द्या, त्यात काही गैर नाही. बहुतेकांचा घसा आठ-दहा दिवसांत सुटतोच. पण दोन आठवडे उलटून तोच माणूस परत आला, तर तिसरी अँटिबायोटिक लिहायच्या आधी बेडका आणि छातीचा एक्स-रे लिहा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत आहे. विशेषतः लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधं अशा वेळी देऊ नका. ती क्षयाच्या जंतूंवर अर्धवट चालतात, रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान मागे पडतं. मायच्या चिठ्ठ्यांत ते औषध दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही "गुण आला" म्हणून समाधानानं घरी बसलो. स्टेरॉइडचंही तसंच. स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नुसत्या आवाजावरून सरसकट स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक देऊ नये, आणि चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे क्षय त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, मग आपण चार आठवडेसुद्धा का थांबावं?

स्वरयंत्र पाहणं ही फार अवघड गोष्ट नाही. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकानं दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं ऊन पाडून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले होते. आज दुर्बीण आहे, पडदा आहे. अडचण दुर्बिणीची नाही, रुग्ण तिथवर पोहोचण्याची आहे. ती पुढे लिहिते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनो, तुमच्याकडे माझं सर्वांत मोठं मागणं आहे, आणि ते दोन बाटल्यांचं आहे.

मायचा तुकडा एकाच बाटलीत गेला, फॉर्मेलिनच्या. कॅन्सर शोधायला तीच बाटली लागते. पण फॉर्मेलिन जंतूंना मारून टाकतं. त्या बाटलीतल्या तुकड्यातून क्षयाचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत, आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतील हेही नीट कळत नाही. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो जंतूशी झालेल्या लढाईचा माग : पेशींचं कडं, मोठ्या पेशी, मधोमध चक्क्यासारखा मेलेला भाग. तो क्षयाकडे बोट दाखवतो, पण शंभर टक्के शिक्का मारत नाही. तेच त्या कागदावर लिहिलं होतं. तुकडा काढताना दुसरा छोटा तुकडा साध्या नॉर्मल सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत टाकून सीबीनॅट आणि कल्चरला पाठवला असता, तर माय स्टेरॉइडवर गेलीच नसती. दुसरी बाटली काही रुपयांची असते. पण ती ऑपरेशनच्या टेबलावर आधीपासून ठेवलेली असावी लागते, कारण नंतर आठवली तर तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडून गेलेला असतो आणि माणसाला पुन्हा भूल द्यावी लागते.

त्याहून आधीची पायरी म्हणजे भूल द्यायच्याही अगोदर बेडका आणि एक्स-रे. ज्याच्या स्वरयंत्राला क्षय आहे, त्याच्या फुप्फुसातही तो बहुतेकदा सापडतो. कित्येक रुग्णांचा तुकडा काढावा न लागताच निदानाची दिशा मिळेल. पण इथे मी एक गोष्ट तितक्याच जोरानं लिहिते, नाहीतर माझं पत्र वाचून कोणाचं नुकसान होईल. बेडक्यात क्षय सापडला म्हणून स्वरतंतूवरची गाठ कॅन्सर नाहीच, असं धरू नका. दोन्ही एकाच घशात असू शकतात. औषध सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घाला. जखम भरत नसेल तर पुन्हा तुकडा घ्या. मिसरी, बिडी, तंबाखू आमच्या घराघरांत आहे, त्यामुळे कॅन्सरची तुमची शंका रास्तच होती. ती सोडू नका. फक्त तिच्या शेजारी दुसरी शंका बसवा.

आणि स्वतःला जपा. असा रुग्ण समोर बसून "आ" करतो, खोकतो, तेव्हा तुमचा चेहरा त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. स्वरयंत्राचा क्षय फार संसर्गजन्य मानला जातो, कारण जंतूंची जखम थेट आवाजाच्या वाटेवर असते. साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो. खिडकी उघडी असू द्या. आमच्यासारख्यांनी डॉक्टर गमवावा, एवढे डॉक्टर खान्देशात नाहीत.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनाही एक मागणं आहे. रिपोर्टच्या तळाशी "क्षयाशी जुळते का पाहावे" लिहिलं, की त्याच दिवशी रुग्णाच्या डॉक्टरांना एक फोन करा. "कॅन्सर नाही" ही पहिली ओळ वाचली की घरातले, आणि कधी कधी डॉक्टरही, पुढचं वाचायचं थांबतात. पेढ्यांचा पुडा हातात असताना कोणी तळटीप वाचत नाही.

क्षयरोग अधिकारी साहेब, आता तुमच्याकडे येते.

पहिलं म्हणजे तो प्रश्न. येत्या सर्वेक्षणाच्या कागदावर, किमान आपल्या तीन जिल्ह्यांत, एक ओळ वाढवा : "दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवाज बसला आहे का, किंवा गिळताना दुखतं का?" वरून आलेल्या नमुन्यात बदल करायचा अधिकार कोणाला किती आहे, हे मला शाळेतल्या कागदांवरून थोडंफार कळतं. छापील रकाना वाढवता येत नसेल तर आशाताईंच्या मासिक बैठकीत तोंडी सांगा. आमच्या आशाताईला ते कोणी सांगितलेलं नव्हतं, तिला ते स्वतःहून सुचलं. प्रत्येक गावाला असं सुचणारी बाई मिळेलच, यावर व्यवस्था सोडता येत नाही.

दुसरं अंतराचं. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. भडगावच्या माणसाला जळगाव किंवा धुळे जवळ आहे, आम्ही एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या माणसाला नंदुरबार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. त्यात ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं पावसाळ्याआधी परततात, सुरतेला कापडाच्या कामावर गेलेली दिवाळीला येतात. बसलेला आवाज घेऊन ही माणसं घरी येतात आणि तसाच घेऊन परत जातात. अशा ठिकाणच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक दिवस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा ठरवून द्या, आणि तो दिवस आधी पाड्यांवर कळवा. बाजाराचा वार धरला तर लोक येतात. आम्ही पालकसभा बाजाराच्या वारी घेतो तेव्हा येतात, म्हणून सांगते. बेडक्याची तपासणी मात्र त्या दिवसाची वाट पाहत थांबवू नका. डबी आशाताईकडून कधीही जाऊ शकते.

तिसरं खासगी डॉक्टरांचं. क्षयाचा रुग्ण सापडला की सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. पण न सापडलेला रुग्ण कोण कळवणार? तालुक्याच्या डॉक्टरांची बैठक तुम्ही घेताच. त्यात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांना बोलवा आणि अशा स्वरतंतूंची चित्रं दाखवा. मी एकदाच पडद्यावर पाहिलं आणि अजून विसरले नाही. तीस डॉक्टरांनी एकदा पाहिलं तर तेही विसरणार नाहीत.

चौथं माझं स्वतःचं आहे. मायचं निदान झालं त्या संध्याकाळी क्षयरोग पर्यवेक्षक घरी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?" बाळ तेव्हा चौदा महिन्यांचं होतं. पाच महिने ते रोज नऊ-दहा तास तिच्या मांडीवर होतं. आवाज नसल्यामुळे ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत गाणी म्हणायची. त्या रात्री मी झोपले नाही, आणि मायही झोपली नाही. तिला वाटत होतं तिनं नातवाला मारलं. तपासणीत बाळाला आजार नाही असं निघालं. त्याला सहा महिने आयसोनियाझिडची प्रतिबंधक गोळी चालली, वजनावर मापून, रोज सकाळी गुळाच्या पाण्यासोबत. पण निदान आणखी दोन महिने लांबलं असतं तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. या आजाराचं निदान उशिरा होतं, तेव्हा उशीर एकट्या रुग्णाचा नसतो. त्याच्या श्वासाच्या टप्प्यात असलेल्या प्रत्येकाचा असतो. म्हणून स्वरयंत्राच्या क्षयाची नोंद फुप्फुसाबाहेरचा क्षय म्हणून एका रकान्यात गेली, तरी घरातल्यांची तपासणी फुप्फुसाच्या क्षयाइतकीच तातडीनं व्हावी. आमच्याकडे ती झाली, त्याबद्दल मी त्या पर्यवेक्षकांची कायमची ऋणी आहे.

मायचं सांगायचं राहिलं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. दुसऱ्या आठवड्यात गिळताना होणारं दुखणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतः ठेचा मागितला, आम्ही दिला नाही. दोन महिने होत आले तेव्हा तिचा बोलण्याचा आवाज परत आला. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला हजार रुपये तिच्या खात्यात येत होते. त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणायचे, हे तिनंच ठरवलं. सहाव्या महिन्यात दुर्बीण घातली, तेव्हा जखम भरलेली होती. उजव्या स्वरतंतूवर थोडा व्रण राहिला आहे. बोलताना कळत नाही, वरच्या सुरात मात्र आवाज फाटतो. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात असता तर कदाचित हेही राहिलं नसतं.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा औषध पूर्ण झालं होतं. मायनं गाणं उचललं नाही. तिच्या शेजारी बसलेल्या माझ्या चुलतबहिणीनं उचललं, आणि माय मागून म्हणाली, खालच्या सुरात.

मला उत्तर हवं आहे ते एवढंच. सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत आवाजाचा प्रश्न विचारला जाणार आहे का, आणि तुमच्या रुग्णालयांच्या ऑपरेशन टेबलावर दुसरी बाटली ठेवली जाणार आहे का, हे कृपा करून कळवावं. आशाताईंना तोंडी सांगायचं ठरलं, तर आमच्या केंद्रातल्या बैठकीसाठी फलक लिहून द्यायला मी तयार आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका
तालुका भडगाव, जिल्हा जळगाव